हिरवळ आणि हरळी

लग्नसराई सुरू झाली कीं आमच्या घरीं निमंत्रणपत्रिकांचा ढीग पडतो. तीस वर्षें एकाच गांवांत अध्यापन केलेल्या माणसाचे विद्यार्थी गांवभर पसरलेले असतात, आणि त्यांच्यापैकीं कोणाच्या तरी घरीं रोज मंगलाष्टकें चाललेलीं असतात. पूर्वीं या पत्रिकांवर स्थळ म्हणून ‘मंगल कार्यालय’ असें छापलेलें असे. हल्लीं त्या जागीं ‘लॉन्स’ हा शब्द येतो. अशा अनेक लॉन्सवर आम्हीं अक्षता टाकल्या आहेत. परंतु बहुतेक ठिकाणीं पायांखालीं आढळला तो हिरव्या रंगाचा नायलॉनचा गालिचा, आणि त्याच्याखालीं दाबलेला मुरूम. गवताची काडी शोधूं गेल्यास ती नवऱ्या मुलाच्या घोड्याच्या तोंडांत सांपडली तर सांपडेल.

एकदां वर्गांत इंग्रजी कादंबरी शिकवीत असतां ‘लॉन’ हा शब्द आला. आम्हीं सहज विचारलें, “लॉन म्हणजे काय?” मागच्या बांकावरील एका मुलानें तत्परतेनें उत्तर दिलें, “सर, मंगल कार्यालय.” वर्ग हंसला नाहीं, कारण उत्तर चुकलें आहे असें कोणालाच वाटलें नाहीं. हंसलों ते एकटे आम्ही. पुढें मात्र त्या हंसण्याचें आम्हांस वाईट वाटूं लागलें. कारण गवताविषयींचें आमचें अज्ञान त्या मुलाच्या अज्ञानापेक्षां कांहीं कमी नव्हतें, आणि तें दूर होण्यास एक दुष्काळ पडावा लागला. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

आमचें घर जुन्या जालन्यांत आहे. कुंडलिकेच्या एका तीरावर हें जुनें गांव आणि पलीकडे व्यापारी पेठ म्हणून वाढलेलें कादराबाद. १८२७ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथें होती, आणि त्या काळीं येथील बागांतील फळें बाहेरगांवीं जात. आज जालन्याचें नांव लोखंडी सळया आणि बियाणें यांच्यासाठीं घेतलें जातें. आमच्या घरापुढें हजारएक चौरस फुटांचें अंगण आहे. वडिलांच्या काळीं तें शेणानें सारविलेलें असे. उन्हाळ्यांत तेथें कुरडया-पापड वाळत, रात्रीं बाजा टाकून आम्ही भावंडें झोंपत असूं, आणि पावसाळ्यांत त्याच्या कडेनें जें उगवे तें उगवे. त्याची चौकशी कोणी करीत नसे.

आम्ही पडलों इंग्रजीचे अध्यापक. ज्या पुस्तकांवर आमचा पिंड पोसला त्यांतील सुखी माणसें हिरवळीवर चहा घेतात, हिरवळीवर रुसतात आणि हिरवळीवरच एकमेकांना मागणी घालतात. असें एखादें हिरवें चौकोनी सुख आपल्याहि दारीं असावें, ही इच्छा कित्येक वर्षें मनांत होती. २०११ च्या पावसाळ्यांत ती आम्हीं पुरी करून घेतली. नर्सरींतून चौकोनी तुकड्यांचें तयार गवत आणून अंगणभर अंथरलें, खत घातलें, कापण्याचें यंत्र घेतलें. येणारे-जाणारे फाटकाशीं थबकून पाहूं लागले, आणि आम्ही तेथें खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचूं लागलों. त्या वाचण्यांत वाचनापेक्षां दिसण्याचा भाग अधिक होता, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र पहिल्याच दिवशीं विचारलें, “अहो, यावर वाळवण घालायचं नाही, बाज टाकायची नाही, रांगोळी काढायची नाही, मग याला अंगण तरी कशाला म्हणायचं?” प्रश्न बिनतोड होता, म्हणून आम्हीं त्याचें उत्तर दिलें नाहीं.

वस्तुतः इंग्रजांची हिरवळ ही त्यांच्या पावसाची कन्या आहे. त्या देशांत पाऊस थोडाथोडा कां होईना, पण बाराहि महिने पडतो. गवत तेथें जगवावें लागत नाहीं, आवरावें लागतें. तें आवरण्याचें काम पूर्वीं मेंढ्या आणि लांब दांड्याचे विळे करीत. १८३० सालीं ग्लॉस्टरशरमधील एडविन बडिंग नांवाच्या गृहस्थानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींत कापडावरील लव कातरण्याचें जें यंत्र असे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. सरदारांच्या वाड्यापुढील हिरवळ या यंत्राच्या साहाय्यानें मध्यमवर्गीयांच्या दारीं आली, आणि साम्राज्याबरोबर तिची हौस दूरदूर पसरली. आमच्या गांवीं वर्षाकांठीं सरासरीनें साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत उरकून घेतो. इंग्लंडची हिरवळ आणतांना तिच्या मागोमाग इंग्लंडचा पाऊसहि आणावा लागतो, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. तो पाऊस आम्ही बोअरमधून आणूं लागलों.

२०१२ सालीं पावसानें पाठ फिरविली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले वृद्ध म्हणूं लागले कीं, तेव्हां धान्य नव्हतें, आतां पाणी नाहीं. जालना जिल्हा त्या वर्षीं राज्यांतील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या; लेकरांसारख्या वाढविलेल्या झाडांवर लोकांना स्वतःच्या हातानें कुऱ्हाड चालवावी लागली. शहरांत नळाला पाणी कित्येक दिवसांआड येई, आणि टँकर आला कीं गल्लींत घागरी, हंडे आणि प्लॅस्टिकचे ड्रम यांची रांग लागे. आमच्या बोअरला थोडें पाणी होतें. तें गवताला घालणें बरें नव्हे, हें आम्हांस कळत होतें. म्हणून आम्ही तें दिवेलागणीनंतर घालीत असूं. जें काम करण्यास माणूस अंधाराची वाट पाहतो, त्याविषयीं त्याच्या मनानें निकाल आधींच दिलेला असतो.

२०१३ च्या मार्च महिन्यांतील एका संध्याकाळीं आम्ही हातांत नळी धरून उभे असतां फाटकाशीं शेजारच्या काकू आलेल्या दिसल्या. कमरेवर रिकामा हंडा होता. कांहीं वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सर, गवताचं झाल्यावर पाणी उरलं, तर दोन हंडे नेऊ का?”

त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हीं रागावून स्वतःची सुटका करून घेतली असती. घर आमचें, बोअर आमचा, गवत आमचें. तेव्हां गवताचा हक्क पहिला, असें त्यांनीं अगदीं सरळ मनानें धरलें होतें. आम्हीं हंडे भरून दिले आणि नळी बंद केली. रात्रीं कागद घेऊन हिशेब मांडला. हजार चौरस फूट म्हणजे सुमारें त्र्याण्णव चौरस मीटर. उन्हाळ्यांत त्या गवताला रोज पांच मिलिमीटर पाणी लागतें असें धरलें, तरी तें साडेचारशे लिटरांच्या वर जातें. हंडा पंधरा लिटरांचा मानल्यास रोजचे तीस हंडे झाले. आम्ही रोज तीस हंडे पाणी मातींत घालीत होतों, आणि दोन हंड्यांसाठीं एक वयस्क बाई आमच्या दारांत गवताची पाळी संपण्याची वाट पाहत उभी होती. आयुष्यांत आम्हीं अनेक ठिकाणीं व्याख्यानें दिलीं, त्यांत समतेवरहि दिलीं. परंतु त्या कागदावरील तीस आणि दोन या आंकड्यांपुढें तीं सर्व पोकळ वाटलीं. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं नळीचें तोंड गल्लीकडे फिरविलें. तीन आठवड्यांनीं बोअर आटला. पुण्य म्हणावें तर तें तीनच आठवडे टिकलें. गवत त्याच्या आधींच गेलें होतें.

त्या वर्षीं जूनमध्यें पाऊस वेळेवर आला. आमची विकतची हिरवळ उठली नाहीं. तिच्या वाळलेल्या चटया आम्हीं खरवडून काढल्या. परंतु जुलैच्या आरंभीं भेगांतून, कुंपणाच्या बुडापासून, तुळशीवृंदावनाच्या कडेनें बारीक हिरवे धागे धांवूं लागले आणि महिन्याभरांत निम्मे अंगण त्यांनीं व्यापलें. आम्हांस वाटलें, आमचेंच गवत पुन्हा जिवंत झालें. गल्लींत शेळ्या राखणारी एक आजी विळा घेऊन दारांत आली होती, तिला हा आनंद सांगितला, तेव्हां ती खालीं बसून एक काडी उपटून म्हणाली, “सर, हे तुमचं इकतचं गवत न्हाई. ही हरळी हाय. हिला कुनी लावत न्हाई अन् ही मरत न्हाई. माझा सासरा शेतातली हरळी खंदू खंदू मेला. हरळी हाय तशीच हाय.”

शेतकऱ्याच्या तोंडीं हरळी ही जवळजवळ शिवीच आहे. कुंदा आणि लव्हाळा यांच्या पंक्तींत तो तिला बसवितो. आणि हीच हरळी गणेशचतुर्थीला दूर्वा म्हणून देवाच्या मस्तकीं चढते. एकाच वनस्पतीचा असा धिक्कार आणि असा गौरव एकाच संसारांत नांदत आला आहे. दोहोंचें कारण मात्र एकच: ती हटत नाहीं. तिचे धांवते कोंब जमिनीवरून जातात तसे जमिनीखालूनहि जातात. वरची पातीं उन्हानें जळालीं तरी खालील कांडें जीव धरून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येतात. तुकोबांनीं लव्हाळ्याचें उदाहरण घेऊन नम्रतेची थोरवी सांगितली, ती महापुराच्या संदर्भांत. अवर्षणाच्या संदर्भांत तेंच हरळीविषयीं म्हणतां येईल असें आम्हांस वाटतें.

तेव्हांपासून आम्हांस गवताकडे पाहण्याची संवय लागली. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना आम्हीं वेळीं-अवेळीं पुष्कळ प्रश्न विचारले, आणि त्यांनीं ते सोसले. त्यांतून जें कळलें त्याचा सारांश असा कीं, गवताचें खरें काम डोळ्यांना दिसत नाहीं, कारण तें जमिनीखालीं चालतें. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला कीं मातीचे कण सुटे होतात, वरची छिद्रें बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजीं गढूळ होऊन वाहूं लागतें. तोच थेंब गवतावर पडला तर त्याचा जोर पात्यावर मोडतो आणि तो हळूच मुळांशीं उतरतो. मुळें मातीला धरून ठेवतात. जुनीं मुळें कुजलीं म्हणजे त्यांच्या जागीं पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी खालीं जातें. कुजलेल्या मुळांतून हवेंतील कर्ब मातींत सांचतो. वणवा लागला तरी तो बहुतांशीं जमिनीखालीं सुरक्षित राहतो. शिवाय पात्यांतून बाष्प होऊन जाणारें पाणी भोंवतालची उष्णता घेऊन जातें. मे महिन्यांतील दुपारीं सिमेंटवर अनवाणी उभे राहावें आणि मग ओल्या गवतावर. या प्रयोगास प्रयोगशाळा लागत नाहीं.

गवत गेलें म्हणजे काय होतें, याचा धडा अमेरिकेनें मोठ्या किंमतीला घेतला. तेथील मैदानांतील पुरातन गवत नांगरून लोकांनीं गहूं पेरला, आणि १९३० नंतर अवर्षण येतांच उघडी माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. १९३५ च्या एप्रिलमध्यें धुळीचे लोट इतके उठले कीं भरदिवसां अंधार झाला, आणि त्याच महिन्यांत त्या देशानें मृदासंधारणाचा कायदा केला. आमच्याकडे माती वाऱ्याबरोबर फारशी जात नाहीं, ती पाण्याबरोबर जाते. जालन्याचा निजामकालीन घाणेवाडी जलाशय गाळानें भरत आला, तेव्हां दुष्काळाच्या वर्षांत नागरिकांनीं पुढाकार घेऊन त्यांतील गाळ काढविला. तें काम स्तुत्य होतें. परंतु गाळ म्हणजे तरी काय? कोठल्या तरी उघड्या माळावरून वाहून आलेली मातीच ती. ज्या गायरानांत पूर्वीं पवन्या, मारवेल, कुसळी यांचें गवत गुडघ्याएवढें वाढे, तेथें आतां दगड दिसतात. आणि माळावर जें गवत नाहीं, त्याचाच गाळ तळ्यांत आहे.

याच्या उलट उदाहरणहि दूर नाहीं. जालना तालुक्यांतील कडवंची या गांवीं १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचें कृषि विज्ञान केंद्र यांच्या मार्गदर्शनानें काम झालें. विजयअण्णा बोराडे यांनीं तें मनावर घेतलें होतें. उतारांवर समपातळीचे चर खणले, बांध घातले, आणि माळावर मोकाट चराई व वृक्षतोड यांना आळा घातला. २०१२ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा जळत असतां त्या गांवचे द्राक्षमळे उभे होते, हें पाहण्यास दूरदूरचे लोक येत. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजारनेंहि कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांच्या बळावर आपला डोंगर हिरवा केला. तेथील लोक जनावरें माळावर न सोडतां विळ्यानें गवत कापून गोठ्यांत नेतात. श्रेय चरांना आणि बांधांना दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ते चर गाळानें बुजूं न देण्याचें काम जें मूकपणें करतें, त्या गवतालाहि त्यांतील वांटा मिळावयास हवा.

म्हणून घरोघरीं हिरवळ करावी, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जें गवत पाण्याचे तीस हंडे रोज मागतें, ज्याला रासायनिक खत लागतें, ज्याच्यावर दर आठवड्याला पेट्रोलचें यंत्र फिरतें, तें एका हातानें देतें आणि दुसऱ्या हातानें काढून घेतें. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें १८५६ पासून एका कुरणावर खतांचा प्रयोग चालू आहे. तेथें भरपूर नत्र दिलेल्या तुकड्यांत गवत माजलें, पण वनस्पतींच्या जाती घटल्या. डार्विननें आपल्या १८५९ च्या ग्रंथांत एक लहानसें निरीक्षण नोंदविलें आहे. तीन फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापलेल्या गवताच्या तुकड्यांत वीस जातींच्या वनस्पति होत्या. कापणें थांबवून त्या मोकळ्या वाढूं दिल्या, तेव्हां बळकट जातींनीं दुबळ्यांना दडपलें आणि नऊ जाती नाहींशा झाल्या. अर्थात् गवताला कातरणारा हात हवा. पण तो मर्यादेचा हवा. आमच्या अंगणांत तो हात शेळ्यांच्या आजींचा आहे. आम्हीं यंत्र विकून टाकलें. आजी पंधरा दिवसांनीं विळा घेऊन येतात, शेळ्यांना चारा होतो, अंगण नीटनेटकें राहतें, आणि उभयपक्षीं उपकाराची भाषा होत नाहीं.

हा करार सुखानें चालला असतां गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनीं अंगणाला सिमेंटचे ठोकळे, ज्यांना आमच्याकडे ‘गट्टू’ म्हणतात, ते बसविण्याचा ठराव मांडला. गल्लींतील सर्व अंगणें आतां गट्टूंचीं झालीं आहेत. “बाबा, पावसाळ्यांत चिखल होतो, गाडी लावतां येत नाही, गवतांत साप आला तर?” असे त्यांचे मुद्दे होते. आम्हीं आमचा जुना हिशेब पुढें केला. या अंगणावर एक इंच पाऊस पडला कीं तेवीसशे लिटर पाणी होतें. वर्षाचा सगळा पाऊस धरला तर साठ हजार लिटर, म्हणजे पांच हजारांच्या टँकरांनीं बारा टँकर. गट्टू बसविले तर त्यांतील बहुतेक पाणी गटारांत जाईल. पाऊस गटारांत सोडावयाचा आणि उन्हाळ्यांत टँकर विकत घ्यावयाचा, हें शहाणपण कोणतें? चिरंजीव निरुत्तर झाले; परंतु आंतून आवाज आला, “तुमच्या हरळीचा पाय घसरत नाही, माझा घसरतो.”

हें खरें होतें. दोन वर्षांपूर्वीं याच अंगणांत सौभाग्यवतींचा पाय मुरगळला होता, आणि त्यानंतर महिनाभर स्वयंपाकघरांत आमची परीक्षा झाली होती. सृष्टीचें कल्याण घरांतील माणसाच्या पायावरून चालत जाऊं लागलें कीं त्या कल्याणाचा पुन्हा विचार करावा लागतो. आम्हीं हट्ट सोडला, त्यांनींहि सोडला. फाटकापासून ओट्यापर्यंत तीन फूट रुंदीची शहाबादी फरशीची वाट झाली. उतारावरील कोपऱ्यांत दगड भरून एक शोषखड्डा केला. गाडी कडुनिंबाखालीं, फाटकाबाहेर राहते. बाकीचें अंगण हरळीचें. गल्लींतील एवढाच तुकडा आतां मातीचा उरला आहे, आणि उन्हाळ्यांत तो चांगला तपकिरी, ओसाड दिसतो. येणारे-जाणारे थबकत नाहींत. आम्ही त्याला पाणी घालीत नाहीं. बोअरला पूर्वींपेक्षां जास्त दिवस पाणी राहतें किंवा कसें, याची बढाई एवढ्याशा तुकड्याच्या जोरावर आम्ही मारणार नाहीं. मात्र पावसाचा पहिला लोट आतां फाटकाबाहेर जात नाहीं, एवढें डोळ्यांनीं दिसतें.

परवां गणेशचतुर्थीला पहांटे फाटक वाजलें. पाहतों तों शेजारच्या काकू. आतां त्या काठी टेकीत चालतात, आणि बरोबर परडी घेतलेली नात होती. बाजारांत दूर्वांची जुडी मिळत नाहीं असें नाहीं. पण त्यांना ताज्या हव्या होत्या.

“सर, दूर्वा नेऊ का?” काकूंनीं विचारलें.

त्या संध्याकाळची आठवण त्यांना असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं फाटक उघडलें. नात खालीं बसून तीन-तीन पात्यांच्या दूर्वा खुडूं लागली, आणि काकू फरशीच्या वाटेवर उभ्या राहून तिला मोजून देऊं लागल्या. एकवीस झाल्या, तरी ती खुडीतच होती. आम्ही म्हटलें, “असूं द्या, जेवढ्या हव्या तेवढ्या घ्या.” अंगणांतल्या एखाद्या वस्तूविषयीं असें मोकळेपणानें म्हणण्याची आमच्यावर ही पहिलीच वेळ होती.